भारहीनतेची कुळकथा



आकाशयानांत राहणारीं माणसें कशीं तरंगतात याचीं चित्रें आतां घरोघर पोंचलीं आहेत. हातांतून सुटलेली लेखणी खालीं न पडतां जागच्या जागीं राहते, पाण्याचा थेंब वाटोळी गोळी होऊन तोंडाकडे चालत येतो, आणि निजणारा मनुष्य भिंतीला बांधलेल्या पिशवींत उभ्याउभ्या निजतो. हें पाहून असें कां होतें हा प्रश्न लहानथोर सर्वांच्या मनांत येतो, आणि त्याचें एक उत्तर तयारच असतें : "तेथें गुरुत्वाकर्षण नसतें." वर्गांत हा प्रश्न मी अनेक वर्षें विचारीत आलों, उत्तर बहुधा हेंच मिळे, आणि तें देणारा विद्यार्थी हुशारांपैकीं असे.

परंतु हिशेब करून पाहतां हें उत्तर टिकत नाहीं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतें. पृथ्वीच्या मध्यापासून मोजलें तर आपण सुमारें ६,४०० किलोमीटरांवर आहों आणि तें सुमारें ६,८०० किलोमीटरांवर आहे. एवढ्याशा अंतरानें पृथ्वीची ओढ ती किती कमी होणार? जमिनीवर जी ओढ आहे तिच्या शेंकडा ८९ इतकी ओढ तेथेंही कायम असते. कल्पना करा कीं कोणीं ४०० किलोमीटर उंचीचा मनोरा बांधला आणि त्याच्या माथ्यावर एक माणूस तागडींत बसविला. जमिनीवर ६० किलो भरणारा तो माणूस तेथें ५३ किलोंहून थोडा अधिकच भरेल. मग त्याच उंचीवर, त्याच्या शेजारून जाणाऱ्या यानांतला माणूस कांहींच कां भरूं नये? या प्रश्नाचें खरें उत्तर मिळण्यास मनुष्यजातीला दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं. त्या शोधाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

पडणें म्हणजे काय, याचा पद्धतशीर विचार ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानें केला. त्याच्या मतें प्रत्येक पदार्थाला विश्वांत स्वतःचें असें एक स्थान असतें, आणि जड पदार्थ विश्वाच्या मध्याकडे आपल्या घरीं गेल्यासारखे जातात. जो जितका जड, तितका त्याचा वेग अधिक. हें मत अडाणीपणाचें होतें असें समजूं नये. झाडावरून पान आणि फळ एकदम सुटलें तर फळ अगोदर जमिनीवर येतें, हें कोणीही पाहतो. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसनें मात्र असें लिहून ठेविलें कीं, वजनांत पुष्कळ अंतर असलेले दोन गोळे एकाच उंचीवरून सोडले असतां त्यांच्या पडण्याच्या वेळेंत फारच थोडें अंतर पडतें. पण ॲरिस्टॉटलचा अधिकार एवढा मोठा होता कीं या एका आवाजाकडे शतकानुशतकें फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

आपल्या देशांतही हा विचार चालूच होता. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, "सिद्धांतशिरोमणि" हा ग्रंथ पुरा केला. त्यांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, स्थापिलेल्या मठाची नोंद खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखांत आहे. या ग्रंथाच्या गोलाध्यायांत आचार्यांनीं एका जुन्या वादाचा समाचार घेतला आहे. पृथ्वीला खालीं कसलाच आधार नाहीं, म्हणून ती आकाशांत निरंतर खालीं पडत आहे, असें बौद्ध पंडितांचें म्हणणें होतें. यावर आचार्य विचारतात कीं, वर फेंकलेली जड वस्तु पुन्हां पृथ्वीवर येतांना तुम्ही रोज पाहतां, मग पृथ्वी खालीं जात आहे ही बुद्धि तुम्हांला कशी झाली? त्यांचें स्वतःचें मत असें कीं पृथ्वीच्या अंगीं आकर्षणशक्ति आहे, ती आकाशांतील जड वस्तूला आपल्याकडे ओढते, आणि त्यामुळें ती वस्तु पडत असल्यासारखी भासते. चोहोंकडे आकाश सारखेंच असतां पृथ्वीनें स्वतः पडावें तरी कोणीकडे?

हा वाद आपण ध्यानांत ठेवावा. शेवटीं त्याकडे परत यावयाचें आहे. तूर्त एवढेंच सांगतों कीं, हा उतारा हातीं घेऊन न्यूटनचा शोध आमच्याकडे पांचशें वर्षें आधींच लागला होता असें म्हणणारे आमच्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांत कांहीं नाहीं म्हणून हंसणारेही आहेत. दोघेही आचार्यांवर अन्याय करतात. पृथ्वी ओढते, हें त्यांनीं स्वच्छ शब्दांत सांगितलें. पण ती किती ओढते, दूर गेल्यावर ओढ किती कमी होते, आणि पडणारी वस्तु पहिल्या क्षणांत किती व दुसऱ्या क्षणांत किती अंतर तोडते, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. आकाशांतील ग्रहांची गति अंशकलाविकलांपर्यंत मोजणाऱ्या या महान् गणितज्ञानें हातांतून सुटलेल्या दगडाची गति मोजावयास घेतली नाहीं. तें काम साडेचारशें वर्षांनीं इटालींत झालें.

गॅलिलिओनें पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून दोन गोळे टाकले ही गोष्ट सर्वांनीं ऐकली आहे. ती त्याचा शिष्य व्हिव्हियानी यानें लिहिलेल्या चरित्रांतली असून गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणांत सांपडत नाहीं, म्हणून इतिहासकार तिच्यावर फारशी भिस्त ठेवीत नाहींत. तसा प्रयोग झाल्याची भरंवशाची नोंद हॉलंडची आहे. सायमन स्टेव्हिन यानें १५८६ सालीं छापलेल्या ग्रंथांत लिहिलें कीं, एक गोळा दुसऱ्याच्या दसपट जड असे शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर सोडले, तों दोहोंचा आवाज एकच झाल्यासारखा ऐकूं आला.

गॅलिलिओचें मोठेपण मनोऱ्यावर अवलंबून नाहीं. त्याचें पहिलें शस्त्र निव्वळ तर्काचें होतें. जड दगड वेगानें पडतो आणि हलका सावकाश पडतो असें घटकाभर मानूं. आतां दोन्ही दगड एकत्र बांधले तर काय होईल? हलका दगड जडाला मागें खेंचील, म्हणून जोडी एकट्या जड दगडाहून सावकाश पडली पाहिजे. पण जोडीचें वजन तर एकट्या जड दगडाहून अधिक, म्हणून ती अधिक वेगानेंही पडली पाहिजे. एकाच गृहीतापासून दोन विरुद्ध गोष्टी निघाल्या. तेव्हां गृहीतच खोटें. हवेची अडचण नसेल तर सर्व पदार्थ सारखेच पडतात, याखेरीज दुसरा मार्ग उरत नाहीं.

त्याचें दुसरें शस्त्र मापाचें. सरळ पडणारी वस्तु डोळ्यांला मापूं देत नाहीं इतकी त्वरेनें जाते, आणि सेकंद बिनचूक दाखविणारीं घड्याळें त्या काळीं नव्हतीं. म्हणून त्यानें पडणेंच सावकाश केलें. सुमारें बारा हात लांबीच्या लांकडी तुळईला सरळ खांचणी पाडून ती गुळगुळीत केली, तुळई थोडी कलती ठेविली आणि खांचणींतून पितळेची गोळी घरंगळत सोडली. वेळ मोजण्यासाठीं मोठ्या भांड्याला बारीक नळी बसवून, गोळी चालत असेपर्यंत पडलेलें पाणी तो पेल्यांत धरी आणि तें काट्यावर तोली. जितकें पाणी जड तितका वेळ अधिक. शंभर शंभर वेळां प्रयोग करून त्याला दिसलें कीं, दुप्पट वेळांत गोळी चौपट अंतर जाते आणि तिप्पट वेळांत नऊपट. हाच नियम उभ्या पडण्याला लागू आहे. पृथ्वीवर सोडलेली वस्तु पहिल्या सेकंदांत सुमारें ५ मीटर पडते, दोन सेकंदांअखेर सुमारें २० मीटर आणि तिहींअखेर सुमारें ४५ मीटर.

हें सर्व ज्या ग्रंथांत आलें तो, "दोन नव्या शास्त्रांविषयींचे संवाद", १६३८ सालीं हॉलंडांत लायडेन येथें छापला गेला. पृथ्वी फिरते असें प्रतिपादिल्याबद्दल १६३३ सालीं धर्मपीठानें गॅलिलिओला शिक्षा सुनावली होती. तो फ्लॉरेन्सजवळ आपल्याच घरीं बंदिवासांत होता आणि त्याचे लेख छापण्यास मनाई होती. ग्रंथ बाहेर पडला तेव्हां तो ७४ वर्षांचा होता आणि त्याची दृष्टि गेलेली होती. याच ग्रंथांत, ओघानें आल्यासारखा, आजच्या आपल्या विषयाचा पहिला उच्चार आहे. खांद्यावर ओझें घेतलेल्या माणसाला भार वाटतो, तो तें ओझें खालीं जाऊं पाहतें आणि माणूस त्याला अडवितो म्हणून. पण ओझें ज्या वेगानें पडलें असतें त्याच वेगानें माणूसही खालीं जाऊं लागला, तर ओझें त्याला दाबणार कसें? पुढें त्याच वेगानें पळणाऱ्या माणसाला भाला भोंसकण्याचा प्रयत्न करावा तसेंच तें होईल, असा दृष्टांत गॅलिलिओ देतो. अडथळा नाहीं तेथें दाब नाहीं, आणि ज्याला आपण वजन वाटणें म्हणतों तो हाच दाब.

याची प्रचीति पाहणें अवघड नाहीं. एका पत्र्याच्या डब्याच्या बुडाजवळ कडेला खिळ्यानें भोंक पाडावें, डबा पाण्यानें भरावा आणि भोंकावर बोट धरून माडीवर जावें. बोट काढतांच पाण्याची धार लागते, कारण वरचें पाणी खालच्यावर भार घालतें. आतां डबा तसाच अंगणांत सोडून द्यावा. तो पडत असेपर्यंत धार थांबते. पाणी आणि डबा सारखेच पडत आहेत. पाण्यानें पाण्यावर भार घालण्यास कारण उरलें नाहीं. जत्रेंतील उंच पाळणा वरून खालीं येऊं लागतांच पोटांत खड्डा पडल्यासारखें वाटतें, तेंही याच जातीचें.

पण डबा अर्ध्यापाऊण क्षणांत जमिनीवर आदळतो, आणि आकाशयान महिनेन्‌महिने तरंगत राहतें. जें कधीं संपतच नाहीं असें पडणें असूं शकतें काय? याचें उत्तर न्यूटननें दिलें. १६८७ सालीं त्याचा "प्रिन्सिपिया" हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि याच विषयावरील त्याचें एक सोपें विवेचन त्याच्या मृत्यूनंतर १७२८ सालीं छापलें गेलें. त्यांत एका अतिशय उंच पर्वताचें चित्र आहे. त्याच्या माथ्यावरून गोळा आडवा फेंकला तर तो कांहीं अंतरावर जमिनीला लागेल. अधिक जोरानें फेंकला तर अधिक दूर पडेल. पण पृथ्वी वाटोळी आहे. तिची जमीन दर ८ किलोमीटरांना सुमारें ५ मीटर खालीं वांकते. आणि एका सेकंदांत वस्तु पडते तीही सुमारें ५ मीटरच. तेव्हां हवेचा अडथळा नसतां कोणी तो गोळा सेकंदास ८ किलोमीटर वेगानें फेंकील, तर गोळा जेवढा खालीं येईल तेवढीच जमीनही खालीं सरकेल. गोळा पडतच राहील आणि कधींच पोंचणार नाहीं.

चंद्र हा असाच एक गोळा आहे, हें न्यूटननें आंकड्यांनीं दाखविलें. पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट अंतरावर चंद्र आहे; अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत ओढ घटत असेल तर ती तेथें साठ गुणिलें साठ, म्हणजे ३,६०० पट कमी असावी. वेळेच्या वर्गाप्रमाणें पडण्याचें अंतर वाढतें हें गॅलिलिओनें ठरविलेंच होतें. म्हणून जमिनीवर दगड एका सेकंदांत जितका पडतो, तितका चंद्र एका मिनिटांत पडला पाहिजे. प्रत्यक्ष गणित केलें तों तें तसेंच निघालें.

येथवर सामग्री सर्व जमली होती. तरी ती एकत्र लावण्यास आणखी दीडशेंहून अधिक वर्षें गेलीं. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यानें १८६५ सालीं आपले प्रवासी तोफेच्या गोळ्यांत बसवून चंद्राकडे धाडले आणि १८७० सालच्या पुढल्या भागांत त्यांचा प्रवास वर्णिला. वाटेंत त्यांचा कुत्रा मरतो, त्याचें प्रेत ते बाहेर टाकतात, आणि तें गोळ्याच्या बरोबरीनेंच चालत राहतें. हें वर्णन अगदीं बरोबर आहे. पण आंतील माणसांचे पाय मात्र जमिनीला टेंकलेलेच, आणि पृथ्वीची व चंद्राची ओढ जेथें समसमान होते त्या एकाच ठिकाणीं तीं तरंगतात! बाहेरचें प्रेत सबंध वाट तरंगत असतां आंतल्या माणसांनीं कां तरंगूं नये, हा प्रश्न व्हर्नला सुचला नाहीं. ओढ नाहींशी झाली म्हणजेच भार नाहींसा होतो, ही समजूत त्याच्यापुढें उभी होती, आणि तीच आजही आमच्या मुलांच्या तोंडीं आहे.

ज्याला हें पहिल्यानें स्वच्छ दिसलें तो रशियांतील एका लहान गांवचा शाळामास्तर होता. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की याची ऐकण्याची शक्ति लहानपणींच आजारानें बहुतेक गेली होती. तो पुस्तकें वाचून आपण होऊन शिकला आणि बोरोव्स्क येथें अंकगणित व भूमिति शिकवूं लागला. १८८३ सालीं त्यानें "मुक्त अवकाश" या नांवाचें टिपण लिहिलें. जेथें वर आणि खालीं हा भेदच नाहीं अशा ठिकाणीं माणूस कसा वळेल, कसा चालेल, धक्का देऊन दुसऱ्या दिशेस कसा जाईल, याचें वर्णन त्यानें त्यांत केलें आहे. विमानही निघालें नव्हतें त्या काळीं हा मनुष्य खेड्यांत बसून अंतराळांत राहण्याचे व्यवहार लिहीत होता. तो १९३५ सालीं वारला.

पुढें १९०७ सालीं स्वित्झर्लंडांत बर्न येथील पेटंटच्या कचेरींत नोकरीस असलेल्या आइन्स्टाइनला एक विचार सुचला. घराच्या छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडतां पडतां स्वतःचें वजन जाणवणार नाहीं. त्यानें हातांतलीं हत्यारें सोडलीं तर तीं त्याच्या शेजारींच राहतील. आयुष्यांतील सर्वांत आनंदाचा विचार असें त्यानें पुढें याचें वर्णन केलें. बंद खोलींत पडणाऱ्या माणसाला, आपण पडत आहों कीं सर्व आकर्षणांपासून दूर आहों, हें जवळच्या कोणत्याही प्रयोगानें सांगतां येणार नाहीं. या बीजापासून १९१५ सालीं सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत पुरा झाला. म्हणजे विद्यार्थ्याचें "तेथें आकर्षण नसतें" हें उत्तर एका अर्थानें मागील दारानें आंत आलें म्हणावयाचें. पण तें अंतरामुळें आलें नाहीं, पडण्यामुळें आलें, हा भेद विसरतां कामा नये.

यानंतर प्रत्यक्ष माणूस पाठविण्याचा काळ आला, आणि ज्ञानाबरोबर भीतीही आली. विमान कमानीसारख्या वाटेनें वर नेऊन खालीं आणिलें तर वीसपंचवीस सेकंद भारहीनता मिळते. तेवढ्या अनुभवावरून सबंध दिवसाचा अंदाज कसा करावा? १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन पृथ्वीची एक प्रदक्षिणा करण्यास निघाला, तेव्हां भार नाहींसा झाल्यावर त्याचें चित्त ठिकाणावर राहील कीं नाहीं अशी शंका जाणत्यांना होती. म्हणून यान हातानें चालविण्याची कळ कुलूपबंद ठेवून ती उघडणारी तीन आंकड्यांची संख्या लखोट्यांत घालून दिली होती. ज्याला लखोटा फोडून ती वापरतां येईल तो शुद्धीवर आहे असें समजावयाचें. १०८ मिनिटांनीं तो सुखरूप परत आला. त्याच वर्षीं ऑगस्टांत टिटोव्ह दिवसाहून अधिक काळ फिरला. त्याला मळमळ झाली, पण झोंपही आली.

भीति गेली तरी किंमत द्यावी लागते. आपलीं हाडें आणि स्नायु रात्रंदिवस ओढीला तोंड देण्यासाठीं बनले आहेत; काम उरलें नाहीं कीं ते झिजूं लागतात. १९७० सालीं निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह जवळजवळ १८ दिवसांनीं खालीं आले तेव्हां त्यांना धड उभें राहवेना. तेव्हांपासून व्यायामाचे कडक नियम झाले, आणि १९९५ सालीं ४३७ दिवस वर राहून परतलेला पोल्याकोव्ह उतरतांच आपल्या पायांनीं चालला. आपले राकेश शर्मा १९८४ सालीं सॅल्यूट स्थानकावर गेले असतां त्यांनीं तेथें योगासनें करून भारहीनतेवर त्यांचा उपयोग होतो कीं काय हें पाहिलें.

गॅलिलिओचा मूळ सिद्धांतही पुन्हां एकदां सर्वांदेखत सिद्ध झाला. २ ऑगस्ट १९७१ रोजीं चंद्रावर, जेथें वारा नाहीं, डेव्हिड स्कॉट यानें एका हातांतून हातोडा आणि दुसऱ्यांतून ससाण्याचें पीस एकदम सोडलें. दोन्ही एकाच वेळीं जमिनीला लागलीं.

आतां भास्कराचार्यांच्या वादाकडे वळूं. पृथ्वी खालीं पडत असती तर वर फेंकलेला दगड परत आला नसता, असें त्यांच्या आक्षेपाचें तात्पर्य. आजच्या ज्ञानानें पाहतां हा आक्षेप किती खोल होता हें कळतें. पृथ्वी आणि दगड दोन्ही नुसतींच बरोबरीनें पडत असतीं, तर दगड खरोखरच परत आला नसता. आकाशयानांतल्या लेखणीसारखा तरंगत दूर गेला असता. तो परत येतो, म्हणून पृथ्वीच त्याला ओढते असें मानणें प्राप्त आहे. आचार्य बरोबर होते. आणि त्यांचे प्रतिपक्षी? पृथ्वी पडत आहे, हेंही खरें निघालें. ती खालीं पडत नाहीं, सूर्याकडे पडत आहे. दर सेकंदास आपल्या सरळ वाटेपासून सुमारें ३ मिलिमीटर. आडवा वेग सेकंदास सुमारें ३० किलोमीटर असल्यामुळें ती सूर्याला कधीं पोंचत नाहीं. आपण, आपलीं घरें, समुद्र आणि डोंगर तिच्या बरोबरीनेंच पडत आहों, म्हणून एवढ्या मोठ्या सूर्याची ओढ आपल्या अंगाला जाणवत नाहीं.

आठशें वर्षांपूर्वीं दोन पक्ष एकमेकांना खोडीत होते आणि दोघांच्याही हातीं सत्याचा एकेक तुकडा होता. ते तुकडे जुळविण्यास जें लागलें तें म्हणजे कलती तुळई, पाण्याचें भांडें आणि तोलण्याचा कांटा. एवढी सामग्री आपल्या कोणत्याही शाळेंत मिळेल. पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा. पण भोंक पाडलेला डबा माडीवरून सोडून धार थांबते कीं नाहीं हें ज्या मुलानें स्वतः पाहिलें, तो भास्कराचार्यांचा आक्षेप त्यांचें नुसतें नांव घेणाऱ्यापेक्षां अधिक समजला, असें मला वाटतें.